पाळण्याची दोरी एकट्या आईच्याच हाती का?

आपल्या समाजात आईचा गौरव करण्याइतके स्वस्त काम दुसरे कोणतेही नाही. पुढारी असो, प्रवचनकार असो की शाळेच्या स्नेहसंमेलनाचा अध्यक्ष असो, मातेच्या त्यागाविषयी चार शब्द बोलल्याखेरीज त्याचे भाषण पुरे होत नाही. त्या शब्दांना टाळ्या पडतात, श्रोत्यांचे डोळेही पाणावतात. सभा आटोपून ही मंडळी घरी परततात तेव्हा दहा महिन्यांचे मूल कडेवर घेऊन, एक डोळा गॅसवरच्या दुधाकडे आणि दुसरा घड्याळाकडे ठेवून, त्या घरातली आई त्यांची पाने वाढण्याच्या खटपटीत असते. जिचा आपण एवढा उदोउदो करतो ती माउली स्वतः कशी आहे, तिला रात्रीची झोप मिळते का, तिचे मन ठिकाणावर आहे का, हा साधा प्रश्न मात्र तिला सहसा कोणी विचारीत नाही. तोच प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे, आणि त्याहूनही अधिक राज्यकर्त्यांपुढे, मांडू इच्छितो.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही दिवसांत आईला उगीचच रडू कोसळते, मन हुरहुरते. हे बहुसंख्य मातांच्या वाट्याला येते आणि साधारणपणे दोन आठवड्यांच्या आत ओसरते. परंतु ज्या मातेचे हे मळभ आठवडेच्या आठवडे हटत नाही, जिला मूल झोपले असतानाही झोप लागत नाही, जिला मुलाविषयी माया वाटेनाशी होते आणि त्याबद्दल स्वतःचाच तिटकारा येऊ लागतो, ती आई नाजूक नाही, नाटकी नाही की आळशीही नाही. ती आजारी आहे. या आजाराला प्रसूतीनंतरचे नैराश्य असे नाव आहे आणि त्यावर उपचारही आहेत. हिवताप झालेल्या माणसाला 'मनाला जरा आवर घाल' असा उपदेश आपण करीत नाही. मग या आजारी मातेलाच तो का करावा?

हा आजार क्वचित आढळणारा आहे, असे कोणी म्हणेल तर तेही खरे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात भारतातील ३८ अभ्यासांचा, म्हणजेच २० हजारांहून अधिक मातांच्या पाहणीचा, एकत्रित निष्कर्ष दिला आहे. त्यानुसार शेकडा २२ मातांमध्ये बाळंतपणानंतर नैराश्य आढळले. पाचांत एकीहून अधिक! एखाद्या साथीने पाचांतला एक माणूस अंथरुणाला खिळला असता, तर विधिमंडळात तहकुबी सूचना आल्या असत्या. येथे अंथरुणाला खिळण्याचीसुद्धा सोय नाही. आजारी आई उभ्या उभ्या, कामाचे हात चालू ठेवून आजारी असते, म्हणून तो आजार कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

या दुखण्याची कारणे कोणती, हे सांगणारा एक महत्त्वाचा पुरावा आपल्या शेजारीच, गोव्यात, मिळतो. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयातील मातांचा अभ्यास करून २००२ साली तो प्रसिद्ध केला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी शेकडा २३ मातांमध्ये नैराश्य दिसून आले आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रिया सहा महिन्यांनंतरही बऱ्या झालेल्या नव्हत्या. बहुतेकींच्या मनाची ओढाताण तर गर्भारपणातच सुरू झालेली होती. या मातांच्या बाबतीत चार गोष्टी ठळकपणे पुढे आल्या: घरातील दारिद्र्य, पतीशी बिघडलेले संबंध, पतीकडून होणारी मारहाण, आणि जन्मलेले मूल मुलगी असणे.

ही यादी वाचकांनी पुन्हा एकदा वाचावी, अशी आमची विनंती आहे. तिच्यातील एकही कारण त्या मातेच्या स्वभावातले नाही. दारिद्र्य तिने ओढवून घेतलेले नाही, नवऱ्याचा हात तिने स्वतःवर उगारलेला नाही, आणि पोटी मुलगी यावी की मुलगा हे तर तिच्या शरीराच्या हातातही नाही; ते पित्याच्या बीजावर ठरते, हे शाळेतले मूलही आज सांगू शकते. तरीही बारशाच्या दिवशी 'दुसरीही मुलगीच का?' असा प्रश्न विचारणारी तोंडे या महाराष्ट्रात अद्याप आहेत. सावित्रीबाईंचे नाव घेऊन आपण ज्या राज्याचा गौरव करतो, तेथे मुलीच्या जन्माने आईचे मन कोमेजावे, याची लाज आईला नव्हे, आपणा सर्वांना वाटली पाहिजे.

आजाराच्या पायरीपर्यंत न पोहोचलेल्या, परंतु दिवसरात्र ओढगस्तीत असलेल्या मातांची गोष्ट याहूनही मोठी आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२४ साली देशातील लोकांच्या वेळेच्या विनियोगाची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्या कामात दिवसाला २८९ मिनिटे जातात, असे तीत आढळले. जे पुरुष घरकामाला हात लावतात, त्यांची मिनिटे आहेत ८८. कुटुंबातील माणसांची, त्यात मुले आलीच, देखभाल करणाऱ्यांत १५ ते ५९ वयाच्या स्त्रिया शेकडा ४१ आणि पुरुष शेकडा २१ एवढेच. स्त्रियांचा वेळ १४० मिनिटे, पुरुषांचा ७४. आणि हा हिशेब केवळ हातांनी केलेल्या कामाचा झाला. बाळाच्या पुढच्या लसीची तारीख कोणती, पावडरच्या डब्यात आणखी किती दिवसांचे दूध उरले आहे, दुपारपासून अंग कोमट लागते आहे तर डॉक्टरांकडे आताच जावे की सकाळची वाट पाहावी, या डोक्यातल्या कामाची मिनिटे कोणत्या पाहणीत मोजणार? नवरा 'काय आणायचे ते सांग, मी आणतो' असे म्हणतो आणि आपण मदत केली या समाधानात राहतो. 'काय आणायचे' हे लक्षात ठेवणे हेच मुळी निम्मे काम असते, ही गोष्ट त्याच्या गावीही नसते.

'आमच्या आज्यांनी पाच-पाच, सात-सात मुले वाढविली; त्यांना कोठे आला होता हा तणाव?' असा प्रश्न या ठिकाणी हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर देणे आवश्यक आहे. एक तर त्या आज्यांना कोणी विचारलेच नव्हते. परसदारी डोळे पुसून पुन्हा चुलीशी बसलेल्या किती जणींच्या दुःखाची नोंद कोणत्या वहीत झाली आहे? दुसरे असे की, मूल वाढविण्याची जी व्यवस्था त्यांच्या दिमतीला होती ती आज मोडून पडली आहे. पहिले बाळंतपण माहेरी होई. सव्वा महिना बाळंतिणीला शेक-शेगडी, तेल-मालीश आणि अळिवाचे व डिंकाचे लाडू मिळत. बाळाला न्हाऊ घालणारी बाई दारी येई. पुढे सासरीसुद्धा सासू, जावा, नणंदा, शेजारणी असे चार हात बाळाला घ्यायला असत. त्या घरांत जाच नव्हता, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही, पुष्कळ होता. पण मूल एकटीच्या अंगावर पडत नव्हते, एवढे तरी खरे. गिरणगावच्या चाळीत आई नळावर गेली तर रडणारे मूल शेजारच्या खोलीतली काकू उचलून घेई. आज त्याच जागी उभ्या राहिलेल्या उत्तुंग इमारतीत समोरच्या दाराआड कोण राहते, याचाही पत्ता नसतो. माहेर सोलापूरला, सासर चिपळूणला आणि संसार डोंबिवलीला अशी आजची तऱ्हा. आजी येते ती दोन महिन्यांसाठी. तिचे गुडघे दुखतात आणि गावी आजोबा एकटे असतात. जुन्या कुटुंबपद्धतीची सारी अपेक्षा आपण कायम ठेवली आणि तिचा आधार तेवढा काढून घेतला. या दोहोंच्या मध्ये आजची आई चिरडली जात आहे.

कल्याणहून सकाळी ७ च्या सुमारास लोकल पकडणाऱ्या मातेचा दिवस कसा असतो, हे ज्यांनी बायकांच्या डब्याची गर्दी पाहिली आहे त्यांना सांगावयास नको. पहाटे उठून डबे, मुलाला उठवून पाळणाघरात पोचविणे, मग गाडी. संध्याकाळी गाडी अर्धा तास उशिरा धावली, तर लाखो प्रवाशांना त्रास होतो. पण पाळणाघर ७ वाजता बंद होणार असल्यामुळे फलाटावर जिच्या पोटात गोळा उठतो ती आईच. मूल तापाने फणफणले तर रजा तिची जाते, आणि रजा गेली की बढतीच्या वेळी साहेबांना आठवतात त्याही तिच्याच रजा.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. या बाबतीत मुंबई प्रांताने एके काळी साऱ्या देशाला वाट दाखविली होती. १९२८ साली प्रसूती-लाभाचे विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात चर्चेला आले असता डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याला भरघोस पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आधी आणि नंतर मातेला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, हा विचार त्यांनी तेथे मांडला. १९२९ साली तो कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९६१ साली सबंध देशासाठी कायदा आला आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनी पाळणाघराची सोय केली पाहिजे, असेही बंधन आले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही या तरतुदी कायम ठेवल्या आहेत. हे सर्व स्वागतार्ह आहे, यात शंका नाही.

परंतु राज्य कामगार विमा योजनेखाली येणाऱ्या स्त्रिया वगळल्या, तर या रजेच्या पगाराचा सगळा बोजा मालकावर टाकण्यात आला आहे. बाबासाहेबांनी सांगितलेली निम्मी गोष्ट आपण ऐकली आणि खर्चाची निम्मी गोष्ट सोयीस्करपणे विसरलो. त्याचा परिणाम असा की, नुकतेच लग्न झालेली तरुणी मुलाखतीला आली की मालकाच्या मनात आकडेमोड सुरू होते. कायद्याने दिलेले संरक्षणच तिच्या नोकरीच्या आड येऊ लागते. आणि ज्या स्त्रिया घरकाम करतात, बांधकामावर घमेली वाहतात, घरात बसून बांगड्यांना टिकल्या चिकटवितात, त्यांच्यापर्यंत २६ आठवडे सोडाच, २६ दिवसांची पगारी रजाही पोचत नाही. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेतून पहिल्या अपत्यासाठी मिळणाऱ्या ५ हजार रुपयांत मुंबईसारख्या शहरात किती दिवसांची मजुरी भरून निघेल, याचा हिशेब सरकारनेच करून पाहावा.

याहूनही मोठी उणीव पुढेच आहे. मूल सुमारे सहा महिन्यांचे होते तेव्हा आईची रजा संपते. अंगणवाडीतील पूर्वशिक्षण सुरू होते ते तिसऱ्या वर्षी, आणि तेही दिवसातील काही तासच. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने आहार, लसीकरण व तपासणी यांची मोठी कामगिरी केली आहे. परंतु तीन वर्षांखालील मुलाला दिवसभर सांभाळणे हे सर्वसाधारण अंगणवाडीचे काम नाही. म्हणजे सहा महिने ते तीन वर्षे, ही जी अडीच वर्षे मूल रांगते, पडते, बोलू लागते, आणि मानवी मेंदूची वाढ अतिशय झपाट्याने होते, नेमक्या त्याच काळात शासन, मालक आणि समाज हे तिघेही अंग काढून घेतात. मातांच्या ओढाताणीचे मर्म या अडीच वर्षांत आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ही दरी ज्यांना परवडते त्या माता पैशाने भरून काढतात; एखादी बाई मूल सांभाळायला ठेवतात. पण ती बाईही बहुधा कोणाची तरी आईच असते. तिचे स्वतःचे दीड वर्षाचे लेकरू मानखुर्दच्या किंवा भांडुपच्या झोपडीत आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असते, आणि त्यापायी त्या बहिणीची शाळा बुडते. एका आईची सुटका दुसऱ्या आईच्या काळजीवर आणि तिसऱ्या एका बालिकेच्या शिक्षणावर उभी राहावी, अशी ही साखळी आहे. दोघी मातांत वैर लावून येथे काही साधणार नाही. दोघींच्याही पाठीशी सार्वजनिक व्यवस्था उभी राहिली पाहिजे.

ती अशक्य आहे काय? १९६९ साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामावरच्या मजूर स्त्रियांच्या मुलांसाठी तंबूत पाळणाघर सुरू केले आणि त्यातून 'मोबाइल क्रेशेस' ही संस्था वाढली. पुढे मुंबईतही ते काम आले. तंबूत जे होऊ शकले ते महानगरपालिकेच्या इमारतींत होऊ शकत नाही, असे कोण म्हणेल? केंद्राने २०२२ पासून 'पाळणा' योजनेखाली अंगणवाडीलाच पाळणाघराची जोड देण्याची कल्पना पुढे आणली आहे. ती कागदावरून प्रत्येक वस्तीत आणणे हे राज्य सरकारचे आणि महानगरपालिकांचे काम आहे. पालिकेच्या ज्या शाळांतील वर्ग पटसंख्येअभावी रिकामे पडले आहेत तेथे, बाजारांच्या इमारतींत आणि गर्दीच्या रेल्वे स्थानकांलगत अशी पाळणाघरे निघाली पाहिजेत. ती कामाच्या वेळेशी जुळणारी असावीत, तेथील सेविकांना नुसते मानधन नव्हे तर पुरता पगार असावा, आणि देखरेख कडक असावी. २०२४ पासून राज्य सरकारने लाडक्या बहिणींसाठी दरमहा १५०० रुपयांची योजना आखली. गरीब घरात त्या पैशाचे मोल आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्या गल्लीत पाळणाघरच नाही तेथे त्या पैशाने ते विकत तरी कोठून आणावे?

दुसरी गोष्ट आरोग्यखात्याची. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नवजात बालकांच्या घरोघरी सेवेचा जो प्रयोग केला, त्याच्या धर्तीवर २०११ पासून देशभर आशा सेविका बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या. घरी परतलेल्या बाळासाठी ४२ दिवसांत सहा भेटी ठरलेल्या आहेत. त्या भेटींत बाळाचे वजन होते, ताप पाहिला जातो. तेथेच आईलाही विचारले जावे की, बाई, तुला झोप लागते का, जेवण जाते का, जीव नकोसा तर वाटत नाही ना? उत्तर काळजीचे आले तर तिला पुढे कोठे पाठवायचे, हे ठरलेले असावे. हा उपाय पुस्तकी नाही. पाकिस्तानात रावळपिंडीच्या ग्रामीण भागात गावच्या आरोग्यसेविकांना मातांशी बोलण्याचे साधे प्रशिक्षण देण्यात आले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात सहा महिन्यांनंतर प्रशिक्षित सेविकांच्या गावांतील शेकडा २३ माता नैराश्यात राहिल्या होत्या; इतर गावांत हे प्रमाण शेकडा ५३ होते. त्याच पद्धतीचा प्रयोग गोव्यात सामान्य स्त्रियांकरवी झाला, आणि तेथेही गुण आलेला २०१९ साली प्रसिद्ध झाला. मात्र हे काम आशांच्या माथी फुकटात मारू नये. एका थकलेल्या स्त्रीचे ओझे दुसऱ्या थकलेल्या स्त्रीवर लादणे ही सुधारणा नव्हे. तोवर, ज्या घरात अशी माता आहे त्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे की, सरकारच्या 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध आहे.

तिसरी गोष्ट पित्याची. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना पितृत्वासाठी १५ दिवसांची रजा आहे. खाजगी क्षेत्रातील पित्याला कायद्याने एका दिवसाचाही हक्क नाही. हिंगोलीचे तत्कालीन खासदार कै. राजीव सातव यांनी २०१७ साली यासाठी लोकसभेत खाजगी विधेयक आणले होते. ते कायद्याच्या पदाला पोचले नाही. महाराष्ट्राच्या एका प्रतिनिधीने उचललेला हा विषय महाराष्ट्राच्या आजच्या खासदारांनी पक्षभेद विसरून पुन्हा हाती घ्यावा. रजा मिळाल्याने प्रत्येक बाप रात्री उठून दुपटे बदलू लागेल, अशा भ्रमात आम्ही नाही. परंतु मूल ही दोघांची जबाबदारी आहे, हे कायद्याने एकदा म्हटले, की कचेरीत 'बायको काय करते?' असे विचारण्याची साहेबांची हिंमत कमी होईल.

यावर दोन आक्षेप येतील. पाळणाघरात मूल ठेवणे म्हणजे मातृत्वाशी प्रतारणा, असे काही जण म्हणतील. त्यांना आम्ही इतकेच विचारतो की, दिवसभर जिचा जीव कोंडला आहे, जी पुन्हा पुन्हा चिडते आणि मागाहून रडते, अशा आईच्या चोवीस तासांच्या सहवासापेक्षा विसावलेल्या आईचे चार तास मुलाला अधिक मोलाचे नाहीत काय? नोकरी न करणाऱ्या आईलाही दिवसातून दोन तास स्वतःचे मिळावेत, यात पाप कोणते? दुसरा आक्षेप पैशाचा. उड्डाणपुलांना आणि सागरी रस्त्यांना हजारो कोटी उभे करणाऱ्या या महानगरात पाळणाघरांसाठी पैसा नाही, ही सबब कोणीही खरी मानणार नाही. पैसा नाही असे नसून, ज्यांच्यासाठी तो खर्च करावयाचा त्या मातांना मोर्चा काढायला सवड नाही, हे खरे कारण आहे.

म्हणून हा आवाज इतरांनी उठवावयास हवा. येत्या अंदाजपत्रकात प्रत्येक विभागासाठी सार्वजनिक पाळणाघरांची संख्या, जागा आणि रक्कम स्पष्टपणे दाखवा, अशी आमची महानगरपालिकेकडे व राज्य सरकारकडे मागणी आहे. मत मागावयास दारी येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला वाचकांनी हाच प्रश्न विचारावा. आणि सरकार जागे होईपर्यंत थांबण्याचे कारण नसलेली एक गोष्ट आज रात्रीच प्रत्येक घरात होऊ शकते. मूल मध्यरात्री रडत उठेल तेव्हा कूस बदलून झोपल्याचे सोंग न घेता, बापाने त्याला उचलावे. आईच्या गौरवाचे भाषण त्यानंतर केले तर ते ऐकावयास आमची हरकत नाही.